बदललेलं वर्णन कोण सांगणार? तंजावरच्या शिलालेखापासून स्क्रीन रीडरपर्यंत



या मालिकेत आपण आजवर मोहिमा पाहिल्या, किल्ले पाहिले, तह पाहिले. आजचा भाग तंजावरचा आहे, पण त्यात लढाई नाही. ज्याला दिसत नाही त्याला समोरच्या गोष्टीचं वर्णन कसं पोहोचवायचं, आणि ती गोष्ट बदलली तर तो बदल त्याच्यापर्यंत कसा न्यायचा, या प्रश्नाचा इतिहास मी आज सांगणार आहे. शेवटी तो संगणकावरच्या एका बारीक तांत्रिक मुद्द्यापाशी येऊन थांबतो. मुद्दा बारीक असला तरी त्यात एका माणसाची पेन्शन अडकली होती.

आपल्या मालिकेचे एक जुने श्रोते तंजावरला असतात. घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. घरात मराठी, दारात तमिळ. आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणतो. काचबिंदूने गेली बारा वर्षं त्यांना दिसत नाही. मोठ्या देवळातला मराठी शिलालेख पाहायला मी तंजावरला गेलो तेव्हा त्यांच्याकडेच उतरलो होतो.

पहिल्याच संध्याकाळी मास्तर संगणकापाशी बसले होते. संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. पेन्शनच्या कामासाठी एका पानावर नवा पासवर्ड ठरवायचा होता. पासवर्डच्या रकान्यात ते आले तसा आवाज म्हणाला, "पासवर्ड, किमान आठ अक्षरं हवीत." मास्तरांनी टाइप करायला सुरुवात केली. पासवर्ड कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येक अक्षराला आवाज फक्त "स्टार, स्टार" म्हणत होता. नऊ अक्षरं झाली. मास्तरांनी खालचं बटण दाबलं. पान पुढे जाईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

मला पडदा दिसत होता. आठ अक्षरं पूर्ण होताच रकान्याखालची ओळ बदलली होती. आता तिथे लिहिलं होतं, "एक अंक हवा." मास्तरांनी एक अंक घातला असता तर ती पुन्हा बदलून "एक मोठं इंग्रजी अक्षर हवं" अशी झाली असती. माझ्या डोळ्यांसमोर ओळ बदलत होती आणि मास्तरांच्या कानात जुनीच सूचना बसली होती. तिसऱ्या प्रयत्नानंतर पानाची मुदत संपली आणि सगळं पहिल्यापासून आलं.

मी म्हणालो, "मास्तर, ओळ बदलली आहे."

ते म्हणाले, "कर्नलसाहेब, बदलली हे तुम्हाला दिसलं. मला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं हे देऊळ १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. तमिळ लोक त्याला 'पेरिय कोविल', मोठं देऊळ, म्हणतात. राजराजाने देवाला काय काय दिलं याचे तमिळ लेख त्याच्या भिंतींवर कोरलेले आहेत. पण आपण मराठी माणसं जाऊन थांबतो ती नैऋत्य बाजूच्या प्राकाराच्या भिंतीपाशी. तिथे १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला. जगातल्या सर्वात लांब शिलालेखांत त्याची गणना केली जाते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी १६७६ च्या सुमारास इथे राज्य उभं केलं, आणि तिथपासून चालत आलेल्या घराण्याने आपली ओळख दगडावर लिहून ठेवली.

लिहून घेतलं ती वेळही लक्षात घ्या. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांकडे किल्ला आणि मान उरला. अशा वेळी राजा इतिहास दगडात कोरवतो, कारण दगडावरचं सहजासहजी कुणाला बदलता येत नाही.

मी लेख वाचू लागलो आणि मास्तर ऐकू लागले. एका ठिकाणी मी अडखळलो तर पुढचा शब्द त्यांनीच सांगितला. लहानपणी वडिलांचा हात धरून त्यांनी तो वाचला होता. तेव्हा वाचलेलं आजही तसंच आहे, त्यामुळे त्यांची आठवण आणि भिंत जुळत होती. न बदलणाऱ्या वर्णनाची ही सोय असते. एकदा कुणी वाचून दाखवलं की ते कायमचं तुमचं होतं.

पण सगळी वर्णनं दगडासारखी नसतात, हेही याच गावात, याच राजाच्या काळात दिसतं.

सरफोजीराजांना वैद्यकाची मोठी आवड होती. धन्वंतरी महाल नावाची त्यांची औषधशाळा होती आणि डोळ्यांच्या आजारांत त्यांना विशेष रस होता. त्यांच्या दरबारात झालेल्या नेत्रोपचारांच्या इंग्रजी नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत रुग्णांची माहिती आहे, उपचार आहेत आणि रोगट डोळ्यांची चित्रंही आहेत. काही शस्त्रक्रिया राजांनी स्वतः केल्या असं मानलं जातं.

माझं लक्ष या कागदांच्या जातीकडे गेलं. रुग्णाची नोंद म्हणजे आजच्या भाषेत केस पेपर. केस पेपरवरचं वर्णन बदलण्यासाठीच असतं. आज डोळा लाल आहे, चार दिवसांनी लाली उतरली, औषध बदललं. आणि नोंद बदलली एवढ्याने भागत नाही, बदलली हे दुसऱ्या वैद्याला कळावं लागतं. नाहीतर तो कालच्या डोळ्याला आजचं औषध देईल.

सरस्वती महालातलीच आणखी एक गोष्ट घ्या. इथल्या संस्कृत हस्तलिखितांची यादी आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने केली आणि ती १८८० मध्ये लंडनला छापली गेली. पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९२८ पासून, पी. पी. एस. शास्त्रींनी तयार केलेल्या वर्णनात्मक सूचीचे खंड निघू लागले. नव्या सूचीत वर्णन वाढलं, तपशील आले. पण एखाद्या दूरच्या गावातल्या अभ्यासकाच्या हातात बर्नेलचीच यादी असेल आणि नवी आल्याचं त्याला कुणी कळवलं नसेल, तर त्याच्यापुरतं जग १८८० मध्येच थांबलेलं असणार. वर्णन सुधारणं हे एक काम आणि सुधारल्याची वर्दी देणं हे दुसरं. मास्तरांच्या रकान्यात पहिलं काम झालं होतं, दुसरं राहून गेलं होतं.

आता तंजावर सोडून थोडा वेळ उत्तरेला देहरादूनला जाऊ. आम्हा फौजींचा या विषयाशी संबंध तिथे येतो.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. पिअरसन स्वतः काचबिंदूने अंध झालेले वृत्तपत्रमालक होते. त्यांचं म्हणणं होतं की अंध सैनिकाला दया नको, शिक्षण आणि काम हवं. त्याच वर्षी गॅलिपोलीच्या लढाईत न्यूझीलंडच्या क्लुथा मॅकेन्झी या तरुण सैनिकाची दृष्टी गेली आणि तो या संस्थेत शिकला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकही अंध होऊन परत येऊ लागले. तेव्हा १९४३ मध्ये देहरादूनला युद्धात अंध झालेल्यांसाठी सेंट डन्स्टन्सचं वसतिगृह उघडलं. ते चालवायला आले सर क्लुथा मॅकेन्झी. दृष्टिबाधितांसाठीची आजची देहरादूनची राष्ट्रीय संस्था त्याच वसतिगृहातून वाढली.

मॅकेन्झींना भारतात एक अडचण दिसली. इथे ब्रेलच्या अनेक लिप्या होत्या. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक वाचता येत नसे. बऱ्याच वादानंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात उच्चार एक तर ठिपके एक. मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' डोळ्यांना वेगळे दिसतात, पण बोटाखाली सारखेच लागतात. तंजावरसारख्या दोन भाषांच्या गावाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ब्रेलने अंध माणूस स्वतः वाचू लागला, कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज राहिली नाही. पण ब्रेलचा कागदही दगडाच्याच कुळातला. ठिपके एकदा उमटले की उमटले.

बदलणाऱ्या मजकुराचा प्रश्न आला तो संगणकाबरोबर. सुरुवातीचे डॉसवाले संगणक आठवा. काळा पडदा, त्यावर पंचवीस ओळी, एका ओळीत ऐंशी अक्षरं. संगणकाच्या स्मृतीतली ती दोन हजार घरं वाचली की सगळा पडदा वाचून होई. अमेरिकेत टेड हेंटर नावाचे मोटारसायकल शर्यतपटू होते. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी पुढे प्रोग्रामिंग शिकून, भागीदाराबरोबर कंपनी काढून १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर बाजारात आणला. मग विंडोज आली, पडद्यावर चित्रं, बटणं, खिडक्या आल्या, आणि अक्षरांची घरं मोजून काम भागेना.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी एक व्यवस्था आणली. तिचं तत्त्व सोपं आहे. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूने स्क्रीन रीडरला आपली माहिती द्यायची: मी कोण, म्हणजे बटण की रकाना, माझं नाव काय, माझी स्थिती काय, आणि गरज असेल तर माझं वर्णन काय. नाव आणि वर्णन यांतला फरक ध्यानात ठेवा. "पासवर्ड" हे नाव, "किमान आठ अक्षरं हवीत" हे वर्णन. सैन्यात नकाशावर चौकीचं नाव असतं आणि शेजारी तिची माहिती असते, तसंच. या व्यवस्थेत 'नाव बदललं', 'स्थिती बदलली' असे संकेत आहेत आणि 'वर्णन बदललं' असाही स्वतंत्र संकेत आहे. म्हणजे घंटेची तार ओढलेली होती. ती घंटा कोण वाजवणार आणि ऐकून कोण बोलणार, हे मात्र सुटलं नाही.

वेबवरची पानं त्या काळात बरीचशी दगडासारखीच होती. पान उघडायचं, वाचायचं, दुसरं उघडायचं. चित्राला पर्यायी मजकूर द्यायची सोय होती. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये चित्राचं लांब वर्णन वेगळ्या पानावर ठेवायचीही सोय आली. स्क्रीन रीडर सगळं पान उचलून स्वतःजवळ एक प्रत करून ठेवत आणि माणूस बाणाच्या कळांनी त्या प्रतीतून ओळीओळीने फिरे. आजही हीच मुख्य पद्धत आहे.

२००४-०५ च्या सुमारास पानं हलू लागली. नवं पान न उघडता त्याच पानाचा एखादा तुकडा बदलायचं तंत्र रुळलं. पत्र आलं की यादीत वर दिसावं, नकाशा ओढला की सरकावा. डोळसांना आनंद झाला. अंध माणसाची अवस्था मात्र किल्ल्याचा जुना नकाशा घेऊन फिरणाऱ्या वाटाड्यासारखी झाली. भिंत पाडली, नवा दरवाजा काढला आणि त्याला कुणी कळवलं नाही.

यावर उपाय म्हणून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत २००६ मध्ये एका नव्या नियमावलीचे मसुदे निघू लागले. तिला आद्याक्षरांवरून 'एरिया' म्हणतात. ती २०१४ मध्ये अधिकृत झाली. २००६ मध्येच ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स टेह हे त्यांचे अंध मित्र त्यांना येऊन मिळाले, आणि तो त्यांनी फुकट वाटला. मास्तरांच्या संगणकावर तोच आहे. महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य लोकांना त्याने हात दिला.

एरियाने दोन वेगळी साधनं दिली आणि मास्तरांची अडचण या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

पहिलं साधन वर्णनाचं. रकान्याला सांगायचं की तुझं वर्णन अमुक ओळीत आहे. माणूस त्या रकान्यात आला की स्क्रीन रीडर नाव वाचतो आणि मग ती ओळ वाचतो. दुसरं साधन वर्दीचं. पानावरच्या एखाद्या भागाला 'लाइव्ह' म्हणून खूण करायची. त्या भागात मजकूर बदलला की माणूस पानावर कुठेही असो, स्क्रीन रीडर तो बदल बोलतो.

पहिलं साधन येण्याच्या क्षणासाठी आहे. चौकीत पाऊल टाकताना पहारेकरी माहिती देतो, तसं. तुम्ही आत असताना माहिती बदलली तर? तर पानाने ओळ बदलायला हवी, ब्राउझरने 'वर्णन बदललं' हा संकेत पाठवायला हवा आणि स्क्रीन रीडरने तो ऐकून बोलायला हवं. तिन्ही दुवे जुळले तर माणसाला कळतं. काही ब्राउझर आणि काही स्क्रीन रीडर यांच्या जोडीत हे जमतं, काहींत जमत नाही. एकाच जोडीत एका प्रकारच्या रकान्यावर जमतं आणि दुसऱ्यावर नाही, असंही होतं. पान लिहिणारा म्हणतो, मी तर ओळ बदलली. ब्राउझरवाला म्हणतो, संकेत ऐकून घेतला नाही. स्क्रीन रीडरवाला म्हणतो, संकेत आलाच नाही. पुढची चौकी, कंपनी आणि बटालियन यांच्यामध्ये निरोप हरवला की चौकशीत अशीच उत्तरं मिळतात, हे मी नोकरीत पाहिलं आहे.

तुम्ही विचाराल, मग प्रत्येक बदल सरसकट बोलून दाखवला तर? इथे स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पानावर घड्याळ असतं, ते दर सेकंदाला बदलतं. क्रिकेटचा धावफलक असतो, शेअरचे भाव असतात, जाहिराती असतात. सगळं बोललं तर माणसाला स्वतः काय लिहितो आहे तेही ऐकू येणार नाही. डोळ्याला पान्हाभर मजकुरातून हवं ते टिपता येतं. कानात मात्र एका वेळी एकच शब्द शिरतो.

हा प्रश्न लष्कराला नवा नाही. रेडिओच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. म्हणून लष्करी संदेशावर अग्रक्रम लिहिलेला असतो. सर्वात वरचा फ्लॅश, त्यासाठी चालू काम थांबवायचं. सर्वात खालचा रुटीन, तो वाहिनी मोकळी झाल्यावर जातो. आणि परिस्थितीचा अहवाल देताना सगळा नकाशा पुन्हा सांगायचा नसतो. मागच्या अहवालानंतर काय बदललं तेवढंच सांगायचं.

एरियाच्या वर्दीच्या साधनात नेमकी हीच विभागणी आहे. एका प्रकाराला 'पोलाइट' म्हणतात. चालू वाक्य संपू दे, मग बोल. दुसरा 'असर्टिव्ह', मध्येच थांबवून बोल. तिसरा 'ऑफ', बोलूच नको. उलट्या मोजणीचं घड्याळ असेल तर त्याची मूळ नेमणूक 'ऑफ' अशीच आहे, म्हणजे सेकंद मोजत ते डोकं खाणार नाही. सगळा भाग पुन्हा वाचायचा की बदललेला तुकडाच वाचायचा, हेही ठरवता येतं.

म्हणजे मास्तरांच्या पानावर काय करायला हवं होतं? वर्णन रकान्याला जोडलेलं होतं, ते ठीक. त्याच्या जोडीला पानावर आधीपासून एक रिकामा 'पोलाइट' भाग ठेवायचा. आधीपासून अशासाठी की ऐन वेळी नवा भाग जन्माला घातला तर बऱ्याचदा त्याची पहिलीच वर्दी ऐकू येत नाही. वायरलेस सेट आधी चालू करून ठेवावा लागतो, तसंच हे. माणूस टाइप करताना क्षणभर थांबला की त्या भागात फक्त उरलेली अट टाकायची: "एक अंक हवा." प्रत्येक कळीला नाही, आणि पूर्ण झालेल्या अटींची उजळणीही नाही. आणि पासवर्ड पूर्ण झाला तर तेही एकदा सांगायचं, कारण काम झाल्याची खबर दिसणाऱ्याला हिरव्या खुणेने मिळते, ऐकणाऱ्याला ती कुणीतरी बोलल्याशिवाय मिळत नाही. मग संगणकासमोर बसून, डोळे मिटून, एनव्हीडीए लावून ते पान एकदा भरून पाहायचं. यात फार मोठा खर्च नाही.

वेबच्या सुलभतेची जागतिक मानकं २००८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीला पोहोचली होती. पण फोकस न हलवता आलेली खबर ऐकणाऱ्यापर्यंत गेली पाहिजे, अशी स्वतंत्र कसोटी त्यांत आली ती जून २०१८ च्या २.१ या आवृत्तीत. पानं हलू लागली त्याला तोवर तेरा-चौदा वर्षं होऊन गेली होती.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती तंत्रज्ञान सुलभ ठेवणं बंधनकारक केलं. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये आल्या, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिका होत्या. बँकेच्या ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात, ते ज्यांना शक्य नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. बँक, पेन्शन, रेशन सगळं पडद्यावर गेल्यावर पडद्याचं दार बंद असणं म्हणजे काय, हे त्या निकालाने मान्य केलं.

भाषेचाही एक मुद्दा आहे. एनव्हीडीएबरोबर येणारा आवाज मराठीही वाचतो आणि तमिळही. पण ही ओळ मराठी आहे आणि ही तमिळ, हे पानाने सांगायला हवं. नाहीतर आवाज एका भाषेच्या उच्चारांनी दुसरी भाषा वाचतो. मूळ सूचना मराठीत आणि बदललेली सूचना मात्र इंग्रजीत, असंही मी पाहिलं आहे. बदलाची वर्दी ज्या भाषेत माणूस काम करतो आहे त्याच भाषेत असावी.

मास्तरांचं पुढे काय झालं ते सांगतो. रात्री त्यांनी पुन्हा बसून पासवर्ड केला, माझी मदत न घेता. त्यांची युक्ती अशी: थोडं टाइप करायचं, टॅब दाबून रकान्याबाहेर जायचं, उलटं टॅब दाबून परत आत यायचं. परत आत आलं की वर्णन नव्याने वाचलं जातं. "चौकीतून बाहेर पडायचं आणि पुन्हा सलाम घेत आत शिरायचं," ते हसून म्हणाले. चार वेळा आत-बाहेर केल्यावर सगळ्या अटी कळल्या आणि काम झालं. जगभरचे अंध लोक अशा युक्त्यांवर दिवस काढतात. मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटलं, पण दिसणाऱ्याला जे अर्ध्या मिनिटात होतं त्यासाठी त्यांची संध्याकाळ आणि रात्र गेली, हेही मी विसरलो नाही.

निघायच्या दिवशी कॉफी पिताना मास्तर म्हणाले, "कर्नलसाहेब, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमच्या भागांत तुम्ही म्हणता, 'हा नकाशा बघा, आता बाण इकडून तिकडे गेला.' कुठून कुठे गेला?"

मी गप्प झालो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पानांना नावं ठेवायच्या आधी मला माझा नकाशा आठवायला हवा होता. माझ्या पडद्यावर बाण सरकतात, फौजा हलतात, रंग बदलतात, आणि मी त्याला "इकडून तिकडे" म्हणतो. ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओवर तुकडीचं ठिकाण, दिशा आणि अंतर नेमकं सांगितलं, तो कॅमेऱ्यासमोर आल्यावर ते सगळं विसरला होता.

म्हणून या भागापासून एक नियम केला आहे. नकाशा दाखवला तर आधी त्यात काय आहे ते बोलायचं, आणि बाण हलला तर कुठून, कोणत्या दिशेला, कुठवर हेही बोलायचं. या भागांचं ई-पुस्तक होतं आहे, त्यातल्या प्रत्येक नकाशाला लिखित वर्णन असेल, आणि पुढच्या आवृत्तीत नकाशा सुधारला तर वर्णनही सुधारून, सुधारल्याचं प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगितलं जाईल. तुमच्यापैकी कुणी संकेतस्थळं बनवत असाल, किंवा तुमची मुलं-सुना-जावई त्या कामात असतील, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्या पानावरची ओळ बदलते तेव्हा ती कुणाला सांगून बदलते का?

पुढच्या भागात आपण १६७६ मध्ये जाऊ. व्यंकोजीराजे बंगळूरहून निघून आग्नेयेला, कावेरीच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशात, तंजावरला कसे पोहोचले ते पाहू. पाहू आणि ऐकूही.

जय हिंद.